मला नाकावर बांधू नका

मी गमछा बोलतोय. आज जरा जोरातच बोलणार आहे, कारण आजवर मला कोणी बोलू दिलं नाही. सदा कुणाच्या तरी नाकातोंडावर आवळून बांधलेला असलो की बोलायचं कसं, तुम्हीच सांगा! आमच्या बुलढाणा जिल्ह्यात कोणी मला शेला म्हणतं, कोणी दुपट्टा म्हणतं. नावं कितीही ठेवा. फक्त माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्या, मध्येच झटकून खांद्यावर टाकू नका.

माझा जन्म यंत्रमागावरचा. खटखटाखट आवाजात आम्ही शेकड्यानं भाऊ जन्मलो, गठ्ठ्यात बांधले गेलो आणि ट्रकमधून नांदुऱ्याच्या एका कापड दुकानात येऊन पडलो. पांढरं अंग, लाल काठ. काठाकडे बघून मला वाटायचं, आपण काही साधंसुधं कापड नाही. कुणीतरी मोठा माणूस आपल्याला घेणार.

आणि झालंही तसंच. वडनेर भोलजीच्या एका मंदिराला नवं रेलिंग आणि दरवाजा बसला. तो बनवणारा वेल्डर प्रेम. त्याच गावचा, पण काम नांदुऱ्यात करणारा, तिशी ओलांडलेला, हातात चांगली सफाई असलेला. गावकऱ्यांनी हरिनाम सप्ताहाच्या शेवटी त्याला मांडवात उभं केलं, हातात नारळ दिला आणि मला त्याच्या गळ्यात घातलं. टाळ्या पडल्या. प्रेमची आई विमलबाई बायकांत बसली होती, तिनं पदरानं डोळे टिपले. माझी छाती तर अशी फुगली म्हणता, की घडीच बसेना.

घरी गेल्यावर विमलबाई म्हणाल्या, "सत्काराचा हाये, पेटीत ठेव."

"पेटीत ठेवून का उंदराले घालू? दुकानात नेतो. देवाच्या दारातला हाये, जवळ राहीन तर चांगलंच हाये," प्रेम म्हणाला.

त्याची बायको प्रतीक्षा हसली. "न्या. पण धुवायले मलेच लागन ना! पांढरा हाये, लक्षात ठेवा."

अशी माझी स्वारी दुकानात दाखल झाली.

दुकान महादेवराव काकांचं. साठी उलटलेला, सुकलेला माणूस. स्वतः एकेकाळचा पट्टीचा वेल्डर. आता वेल्डिंगचा रॉड धरायचा होल्डर प्रेमच्या हातात आणि काका दारातल्या खुर्चीवर, बोटांत बिडी. या दुकानाचा मोठा धंदा म्हणजे कूलर. होळी आली की जो तो कूलर मागतो. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, पाखरं झाडावर बसून तोंडं उघडी टाकतात. कूलर जस्ताचा मुलामा दिलेल्या चकचकीत पत्र्याचा असतो, त्याला दुकानात जीआय म्हणतात. त्याच्या सांध्यावर रॉड टेकला की पांढराशुभ्र धूर उठतो. कापूस पिंजल्यासारखे त्याचे बारीक तंतू हवेत तरंगत राहतात. दिसायला इतका देखणा, की पहिल्या दिवशी मी बघतच राहिलो.

मग प्रेमनं मला दुहेरी घडी करून नाकावर बांधलं आणि काकांनी शटर अर्ध्याच्या खाली ओढलं.

शटर काऊन? तर बाहेर लू. गरम हवेनं जीव नको होतो. शिवाय वेल्डिंगचा झगझगाट रस्त्यावरून जाणाऱ्यांच्या डोळ्यांवर जातो, लोक ओरडतात. म्हणून शटर खाली, आत बल्ब, आणि त्या कोंडलेल्या खोलीत प्रेम आणि मी. माझ्या विणीतून धूर असा आरपार जायचा, जणू मी नाहीच तिथे! मी ताणून बघितलं, आकसून बघितलं, प्रेमच्या घामानं ओला होऊन बघितलं. छे! रस्त्यावरची धूळ मी अडवतो, मुरमाची कच अडवतो. पण हा धूर म्हणजे धातूची वाफ, पिठाहून कितीतरी बारीक. माझी दोन धाग्यांमधली फट त्याच्यासाठी हमरस्ता आहे. मी आतून ओरडायचो, "अरे बाबा, सोड मला, शटर वर कर!" पण नाकावर बांधलेल्याचं कोण ऐकतं?

संध्याकाळी काका गुळाचा खडा आणि केळी पुढं करायचे.

"खाय बे. गुळानं धूर खाली उतरते. मी जलमभर हेच खाल्लं."

आणि असं म्हणता म्हणता काकांना खोकला यायचा. खोकून खोकून ते खुर्चीचा हात धरायचे, डोळ्यांत पाणी यायचं, आणि ढास थांबली की पुन्हा म्हणायचे, "गूळ लय गुणाचा." बाप्पा बाप्पा! माणसं आपल्याच छातीचं कसं ऐकत नाहीत, ते मी रोज बघायचो.

त्या उन्हाळ्यात एक भानगड सुरू झाली. आठवड्याची सुटी असली की प्रेम वडनेरच्या शेतात जायचा. दोन ओळी भाजीपाला, थोडी ज्वारी, आईला मदत. दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन कूलरवर बसला की संध्याकाळी त्याचं अंग मोडून यायचं. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव, घशात खवखव, मग हुडहुडी भरून सणसणून ताप. भर उन्हाळ्यात गोधडी पांघरून माणूस दात वाजवत पडायचा.

"ऊन लागलं वं माय!" विमलबाई म्हणायच्या. "काल शेतात उघड्या डोक्यानं हिंडला, दुसरं काय!"

झालं. कैरी उकडून तिचा गर अंगाला चोळायचा, कांदा तळपायाला लावायचा, पन्हं पाजायचं, आणि मला भिजवून कपाळावर ठेवायचं. सकाळपर्यंत ताप उतरायचा. पन्ह्यानं उतरला म्हणून विमलबाई खूश. प्रेम उठून दुकानात जायचा आणि पुढचे दिवस ताप यायचा नाही. पुन्हा सुटी, पुन्हा शेत, पुन्हा दुसऱ्या दिवशी ताप.

आता पुढं काय झालं ते ऐका, आणि सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर कपाळ बडवून घेतलं असतं की नाही. विमलबाईंनी नीट विचार केला. शेतात गेलं की ऊन लागतं, दुकानात सावली असते. मग उपाय सोपा आहे!

"सुटीच्या दिवशी बी दुकानातच जात जाय," त्यांनी मुलाला बजावलं. "वावराचं मी पाहीन. उन्हात जाऊ नको, तुले माही शपथ हाये."

आईची शपथ. प्रेमनं सुटी घेणं बंद केलं. काका खूश, कूलर भराभर निघायला लागले. आणि गंमत बघा, ताप खरंच बंद झाला! विमलबाईंनी देवाला साखर ठेवली. शेजारणींना सांगितलं, "माह्या लेकाले सावली मानवली."

सावली कसली, तोच पांढरा धूर आता सुटीच्या दिवशीही छातीत जात होता. ताप गेला आणि त्याच्या जागी खोकला आला. आधी सकाळी उठल्यावर, मग जिना चढताना, मग बोलता बोलता. प्रतीक्षा मला धुवायची तेव्हा बादलीतलं पाणी काळंकरडं व्हायचं. ती मला उलटवून बघायची, माझी बाहेरची बाजूही काळी आणि नाकाकडची बाजूही काळी. एकदा ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला तेव्हाच वाटलं, ही बाई काहीतरी शोधून काढणार.

उन्हाळा सरला, पावसाळा सरला. थंडीत कूलरचं काम नव्हतं. त्यात प्रतीक्षाच्या बहिणीचं लग्न दुसरबीडला होतं, म्हणून आठवडाभर प्रेम तिकडेच राहिला. खोकलाही जरा हटला होता. परत आला तर काकांनी एक मोठं काम घेऊन ठेवलेलं, गुरांच्या गोठ्याचा सांगाडा, सगळा जीआय पाइपचा. बाहेर बोचरा वारा, म्हणून शटर पार जमिनीला टेकवलेलं. प्रेम दिवसभर आत बसला.

संध्याकाळी तो घरी आला तो थरथरतच. तीच लोखंडाची चव, तीच हुडहुडी, तोच ताप. आणि या वेळी श्वासही अडकत होता, छातीवर कोणी गुडघा ठेवल्यासारखा तो तोंडानं हवा ओढत होता.

विमलबाई धावल्या. "ऊन लागलं..." एवढं तोंडातून निघालं आणि त्या थांबल्या.

चुलीजवळून प्रतीक्षा उठली. अंगावर स्वेटर, डोक्याला मफलर, हाताला चुलीची ऊब. ती शांतपणे म्हणाली, "आई, पौषात ऊन कसं लागलं हो?"

कांद्याकडे गेलेला हात विमलबाईंनी मागे घेतला. मी खुंटीवर होतो, माझ्या धाग्याधाग्यातून हर्ष उठला. शाबास प्रतीक्षा! विचार, अजून विचार!

तिनं विचारलंच. "उन्हाळ्यात बी सुटीनंतर ताप. आता बी सुटीनंतरच ताप. शेत नाई, ऊन नाई. मंग राह्यलं काय? दुकान."

ती प्रेमला रिक्षात घालून, विमलबाईंना सोबत घेऊन नांदुऱ्याच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. निघताना प्रेमनं मला खुंटीवरून काढून गळ्यात गुंडाळलं होतं. बाईंनी छाती तपासली, फोटो काढायला लावला, नळीत फुंकायला लावलं. मग एकच प्रश्न विचारला, जो आजवर कोणी विचारला नव्हता. "काम काय करता?"

प्रतीक्षानं सगळं सांगितलं, जीआय, शटर, गूळ, सुटी.

"हा जस्ताच्या धुराचा ताप आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही दिवस धुरातून बाहेर राहिलं की शरीराची सवय मोडते, आणि परत धुरात बसलं की ताप येतो. म्हणून सुटीनंतर येतो. सुटी बंद केली तेव्हा ताप थांबला, पण धूर थांबला नव्हता. शरीरानं ओरडणं बंद केलं, एवढंच."

विमलबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या तोंडाला पदर गेला. "म्हंजे मीच त्याले रोज धुरात धाडलं काय वं बाई?"

"तुम्ही उन्हातून वाचवायला पाठवलंत, मावशी. आता धुरातून वाचवा," बाई म्हणाल्या. मग प्रेमकडे वळल्या. "ताप एकदोन दिवसांत उतरेल. पण रोजचा धूर फुप्फुसात घर करतो. कायमचा खोकला, दम, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर कॅन्सरसुद्धा. वेल्डिंगच्या धुराचं नाव कॅन्सरच्या कारणांमध्ये पक्कं आहे. गूळ पोटात जातो, धूर छातीत. दोघांची गाठच पडत नाही. तोंडाला काय लावता?"

प्रेमनं मोठ्या अभिमानानं मला उचलून दाखवलं.

"हा धूर अडवत नाही."

"सत्काराचा हाये बाई, जाड हाये," प्रेम म्हणाला.

अरे देवा! मला वाटलं, खाली उडी टाकावी आणि त्याच्या पायाला विळखा घालून सांगावं, बाई खरं बोलतात रे!

पण प्रेमला पटलं नाही. चार दिवसांत बरं वाटलं आणि तो पुन्हा दुकानाकडे निघाला, मला गळ्यात टाकून. या वेळी प्रतीक्षा सोबत निघाली. दुकानात काका बिडी ओढत बसले होते. ती सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"काकाजी, एक झुरका घ्या, आन् धूर या गमछ्यातून फुका."

"काऊन वं पोरी?"

"फुका तर खरं."

तिनं मला दुहेरी घडी करून ताणून धरलं, अगदी प्रेम बांधतो तशी. काकांनी झुरका घेतला, माझ्यावर ओठ टेकवले आणि फुंकर मारली. मी एवढा उत्सुक आयुष्यात कधी नव्हतो. धूर एका बाजूनं माझ्यात शिरला आणि दुसऱ्या बाजूनं जसाच्या तसा, दाट, निळसर, प्रतीक्षाच्या तोंडावर निघाला. तिला ठसका लागला. पण ती डोळे पुसत हसली.

"पाह्यलं? बिडीचा धूर अडत नाई, मंग पत्र्याचा काय अडन?"

प्रेम माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याला फसवलं. मी कधी म्हटलं होतं रे बाबा, की मी अडवतो? तुम्हीच मला बांधलंत, तुम्हीच मानलंत.

त्या दिवसापासून दुकान बदललं. जाड गाळणीचा, नाकाला घट्ट बसणारा, कामाच्या धुरासाठीचाच मास्क आला आणि मी भिंतीवरच्या खिळ्यावर गेलो. झगझगाट अडवायला रस्त्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा उभा राहिला आणि शटर पूर्ण वर गेलं. सांध्यावरचा जस्ताचा थर आधी घासून काढायचा, मग रॉड लावायचा, हे प्रेम डॉक्टरीणबाईंकडून विचारून आला. घासतानाही मास्क. आणि एक पंखा असा लावला की धूर तोंडासमोरून बाजूला ओढला जाईल. कूलरच्या दुकानात पंख्यांना काय तोटा? पण इतक्या वर्षांत धुरासाठी एकही फिरला नव्हता! काका कुरकुरले, पण थंडी होती, गिऱ्हाईक कमी होतं. चालून गेलं.

खरी परीक्षा होळीनंतर आली. लू सुटली. गिऱ्हाईकं दारात, प्रत्येकाला कूलर आजच पाहिजे. रस्त्यावरची तापलेली हवा आणि माती थेट दुकानात. घासून, पुसून, मास्क लावून काम करायचं म्हणजे वेळ जास्त लागतो.

"शटर घे खाली," काका म्हणाले.

प्रेमनं मान हलवली. "नाई काकाजी."

"दुपारच्या पुरतं बे! लोक उभे हायेत."

"शटर वर राहीन, नाईतर मी घरी राहीन."

काकांचा चेहरा लाल झाला. "माह्यं दुकान हाये! चाळीस वरसं मी याच खोलीत केलं. मले काय झालं?" एवढं बोलून त्यांना ढास लागली ती थांबेचना. गिऱ्हाईकं एकमेकांकडे बघायला लागली. ढास थांबली तशी काका हट्टानं उठले. शटरला हात घालून त्यांनी ते खाली ओढलं, पार अर्ध्याच्या खाली. प्रेमच्या हातातला होल्डर हिसकावला. "तू नको करू. मी करतो!" आणि त्यांनी भिंतीवरच्या खिळ्यावरून मला काढलं.

मी थरथरलो. मला दुहेरी घडी पडली. त्यांच्या दाढीचे खुंट माझ्या अंगाला टोचले, त्यांचा घरघरता श्वास माझ्यातून गेला. असा श्वास मी प्रेमचाही ऐकला नव्हता. आत काही शिल्लकच नसल्यासारखा.

मी जीव तोडून ओरडलो, "नको! नको हो! मी काहीच अडवत नाही!"

माझं ऐकलं कुणी नाही. पण प्रेम पुढं आला. त्यानं काकांच्या तोंडावरून मला ओढलं, माझा लाल काठ दातात धरला आणि दोन्ही हातांनी मला मधोमध फाडलं. चर्रर्र! मांडवात टाळ्या ऐकल्या होत्या मी, पण या आवाजाची सर त्यांना नाही.

काका बघतच राहिले. "सत्काराचा होता ना बे तो?"

"हाव. आन् ही छाती माही हाये. आन् ते तुमची." प्रेम काकांपुढं जाऊन उभा राहिला. "तुम्हाले काय झालं इचारता? काकाजी, तुम्ही शेवटचं एका दमात दोन गोष्टी कधी बोलले, सांगा मले. मले तुमच्यासारखं नाई व्हायचं. आन् तुम्हाले याच्याहून जास्त होऊ देत नाई."

बाहेरून शटरखालून गिऱ्हाईकांचे पाय दिसत होते. काका हळूच खुर्चीवर टेकले. होल्डर त्यांनी स्वतःच खाली ठेवला. मग हात वर करून बोटानं शटर दाखवलं. बोलायला दम नव्हता. प्रेमनं शटर वर ढकललं आणि बाहेर जाऊन सांगितलं, "कूलर दोन दिवस उशिरा भेटन. ज्याले घाई असन त्यानं दुसरीकडून घ्या." एकदोघं गेले. बाकीचे थांबले.

दुसऱ्या दिवशी प्रतीक्षा काकांनाही त्याच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. आता ते नळीतलं औषध ओढतात. गेलेलं सगळं परत येणार नाही, हे बाईंनी स्पष्ट सांगितलं. बिडी मात्र सुटली. गूळ अजून खातात, पण चहासोबत.

आणि मी? आता मी दोन तुकड्यांत राहतो. एक विमलबाईंच्या चुलीजवळ, गरम भांडी उतरवायला. बोलणारा हा तुकडा दुकानात आहे, यंत्राला लागलेलं वंगण पुसतो. काळा झालोय, ठिणग्यांनी चाळण झालीय, लाल काठाचा पत्ता नाही. पण खरं सांगतो, इतकं समाधान मला गळ्यात मिरवताना नव्हतं. आता माझ्यावर भरवसा ठेवून कोणी मरणार नाही.

गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांत माझे भाऊ खिळ्यांवर टांगलेले आहेत. तुमच्याही दुकानात असेल एखादा. त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं मी सांगतो. शटर वर करा. धूर तोंडासमोरून बाजूला काढा. खरा मास्क आणा. ताप आला तर डॉक्टरला आधी आपलं काम सांगा. आणि माझा भाऊ नाकावरून उतरवा. कुणी हट्टानं पुन्हा बांधत असेल, तर हातातून हिसकावा आणि फाडून टाका. आम्हाला दुखत नाही.